मास्तरांच्या लॉनवरचे उकीर

लेकीचं बाळंतपण उरकून तेरका बाको तीन आठवड्यांनी घरी परतली, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायचंही भान तिला राहिलं नाही. घरामागे जिथं दरवर्षी तिचे मिरचीचे वाफे, टोमॅटो, शेपू आणि नवलकोल असायचे, तिथं या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नुसतं गवत होतं. कापलेलं, एकसारखं, बिनकामाचं गवत. त्याच्या मधोमध तिचे यजमान, निवृत्त स्टेशनमास्तर व्हेंडेल बाको, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी उभे होते.

“ये, ये! बूट काढ आणि चालून बघ,” मास्तर म्हणाले. “पायाला कसं लागतं सांग.”

“माझी मिरची कुठं लावायची?”

“मिरची काय, बाजारात ढिगानं मिळते. हे मिळतं का बाजारात?”

मिळत होतं. बाजारातूनच चटईसारख्या गुंडाळ्या करून आणलं होतं ते, आणि त्याची पावती मास्तरांच्या खिशात होती. खिडकीच्या कट्ट्यावर तेरकानं मार्चमध्ये लावून ठेवलेली मिरचीची रोपं मात्र वाळून कोळ झाली होती. लॉनला दिवसातून तीनदा पाणी पाजणाऱ्या माणसाला त्यांना वाटीभर पाणी घालायला सवड झाली नव्हती. तेरका त्या रात्री रडली. लग्नानंतर ती दोनदाच रडली होती, एकदा आई गेली तेव्हा आणि दुसऱ्यांदा या गवतापायी.

कारण ती मिरची बाजारातली नव्हती. तिच्या आईचं बी होतं ते, आणि आईकडे ते तिच्या आईकडून आलेलं. जाड सालीची, टोकाला जरा वाकडी, वाळवून कुटली की घरभर गोडसर वास सुटणारी मिरची. आमच्या अल्शोसेग गावात, डॅन्यूब नदीच्या बांधापासून चर्चपर्यंत, घरटी मिरची आहे. पण ही जात तेरकाच्या घराखेरीज कुठं नव्हती. आणि मिरचीचं बी म्हणजे काही सोनं नव्हे, कपाटात ठेवलं आणि विसरलं. दोन वर्षं धडपणे उगवतं, तिसऱ्या वर्षी निम्मं मरतं आणि पाचव्या वर्षी तुम्ही मातीत पेरा नाहीतर सूपमध्ये टाका, सारखंच.

आता हे लॉनचं खूळ मास्तरांच्या डोक्यात कुठून आलं? आमच्या गावाचा रेल्वेफाटा बंद झाला. शेवटची गाडी गेली, मास्तरांनी लाल टोपी घालून तिला सलाम ठोकला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हुकमाची वाट बघणारं जगात काही उरलं नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं चाललं होतं. कोंबड्यांनी किती वाजता दाणे खावेत हे त्यांनी ठरवून पाहिलं, कोंबड्यांनी ऐकलं नाही. मग लेकीच्या सासरी, शोप्रोनला, त्यांनी व्याह्यांचं लॉन पाहिलं. गवत बरं. सांगाल तेवढं वाढतं, उलटून बोलत नाही.

तेरकानं काही केलं नाही असं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं कोपऱ्यातलं खाटेएवढं गवत खणून काढलं. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी तिथं नवी गुंडाळी अंथरली आणि अकरा दिवस अबोला धरला. अबोल्याचं तेरकाला काही वाटलं नाही, उलट घर जरा शांत झालं. पण जागा गेली ती गेलीच. ओसरीचं तोंड उत्तरेला, तिथल्या कुंडीत मिरची धरेना. रस्त्याकडच्या पट्टीत मास्तरांचे गुलाब फलाटावरच्या शिपायांसारखे रांगेत उभे. शेजारचा अंब्रुश म्हणाला होता, “माझ्याकडं लाव की, जागा पडलीय.” पण अंब्रुशच्या बागेत सगळी तिखटजाळ बोरमिरची. शेजारी शेजारी लावली की फुलांची सरमिसळ होणार आणि पुढच्या वर्षी आईचं बी आईचं राहणार नाही. शिवाय अंब्रुश विधुर. नवऱ्याच्या घरी जागा असताना बाई विधुराच्या वाफ्यात ओणवी दिसली, तर आमच्या गावाला हिवाळाभर पुरेल एवढं बोलायला मिळालं असतं.

असे तीन उन्हाळे गेले, चौथं वर्ष लागलं. दर फेब्रुवारीत तेरका दहा बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीमागे ठेवी आणि मोड मोजी. आधी आठ, मग सहा. यंदा तीन.  पुढच्या वर्षी या फडक्यात काहीही नसणार हे तिला कळून चुकलं. जे काय करायचं ते या वर्षी, नाहीतर आईची मिरची संपली.

आणि याच वर्षी वाकोंद आला.

वाकोंद म्हणजे उंदीर नव्हे, घूसही नव्हे. मुठीएवढा, काळ्या मखमलीचा, डोळे असून नसल्यासारखे आणि पुढचे दोन पंजे फावड्यासारखे. जन्मभर जमिनीखाली राहतो, गांडुळं आणि हुमणीच्या अळ्या खातो आणि बोगद्यातली माती ढकलून वर टाकतो. भाजीवाल्या माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. लॉनवाल्याच्या मात्र तो थेट काळजात खणतो. ईस्टरच्या सकाळी मास्तर कॉफीचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि त्यांच्या हिरव्यागार राज्याच्या मधोमध त्यांना टोपलीभर मातीचा काळाभोर उकीर दिसला. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्यात अकरा.

“ही कुणाची करणी?” मास्तर कडाडले.

कुंपणापलीकडून अंब्रुशनं मान वर काढली. हा माणूस कुंपणाशी असतोच. त्याचा कांदा कुंपणाशीच का येतो हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे.

“तुमचीच की, मास्तर. तीनतीनदा पाणी मारून गांडुळांना पंगत घातलीत. मग वाकोंद पानावर बसायला येणारच. माझ्याकडं आला का? माझ्याकडं कोरडी भाकर.”

खरं तेच होतं. पण खरं ऐकून घ्यायचं तर माणसाला आधी गप्प बसता यावं लागतं.

मग सुरू झाली मास्तरांची मोहीम. सरकारनं वाकोंदला संरक्षण दिलंय. त्याला मारायचं नाही, फक्त हाकलायचं. तेरकाला वाटे, सरकारला वाकोंद दिसला, माझी मिरची नाही दिसली. दुकानातून मास्तरांनी घूं घूं आवाज करणाऱ्या काठ्या आणून रोवल्या. वाकोंदनं दुसऱ्या दिवशी एका काठीला टेकून उकीर काढला. मग कुणीतरी सांगितलं, रिकाम्या बाटल्या तोंड वर करून पुरा, वारा आला की त्या शीळ घालतात, वाकोंदचं डोकं उठतं आणि तो पळतो. मास्तरांनी तळघरातून बाटल्या आणून पुरल्या. पाच ओळींत, बावीस बाटल्या, सगळ्या जर्दाळूच्या दारूच्या.

“मास्तर,” अंब्रुश म्हणाला, “डॉक्टरला तर तुम्ही सांगितलं होतंत, फक्त सणासुदीला घेतो. एवढे सण कुठल्या धर्मात असतात?”

वारा आला तेव्हा बाटल्या वाजल्या. वाकोंदला त्याचं काही वाटलं नाही. मास्तरांना मात्र दोन रात्री झोप लागली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्या उपटल्या. पुढे मोटारीच्या धुराड्याला रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक बिळात घातलं. धूर निघाला तो अंब्रुशच्या मुळ्याच्या वाफ्यातून. त्या दिवशी दोघांत जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यात तेरकाकडे एक काम आलं होतं. रोज सकाळी उकिरांची माती हातगाडीत भरायची आणि शेडमागे नेऊन टाकायची. मास्तरांना माती डोळ्यांसमोर नको असे. पहिल्या दिवशी तेरकानं ती माती मुठीत घेतली आणि तिचा हात तिथंच थांबला. एवढी मऊ, भुसभुशीत, चाळून घेतल्यासारखी माती तिनं चार वर्षांत पाहिली नव्हती. त्यात गवताचं मूळ नाही, खडा नाही, अळी नाही. अळ्या तर जमिनीखालच्या कामगारानं आधीच खाल्लेल्या. मास्तरांनी तिच्या जमिनीवर चटई अंथरली होती आणि हा मुका प्राणी खालून तीच जमीन मूठमूठ वर आणून देत होता. नवऱ्यापेक्षा वाकोंदला जास्त अक्कल आहे, असं तिनं त्या दिवशी स्वतःशी स्पष्ट म्हटलं आणि तिला बरं वाटलं.

आंबट सायीचे रिकामे डबे तिनं धुऊन ठेवले होतेच. ती माती तिनं त्यात भरली आणि उरलंसुरलं सगळं बी पेरलं. ते डबे खिडकीत न ठेवता शेडमागे काचेच्या जुन्या तावदानाखाली ठेवले, जिथं मास्तर फिरकत नसत. सव्वीस रोपं उगवली. एकेक रोप वर आलं की ती त्याच्याशी बोले. काय बोले ते कुणाला माहीत नाही.

मे महिन्यात मास्तर घायकुतीला आले, त्याला दुसरं कारण होतं. आमच्या गावात दरवर्षी एका घराला फाटकावर लावायची पाटी मिळते: ‘स्वच्छ अंगण, नीटनेटकं घर’. खाली अंगण सांभाळणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. अंब्रुशच्या फाटकावर त्याच्या बायकोच्या वेळची पाटी आहे. मास्तरांची सगळी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली, हे घर निवृत्तीनंतरचं, आणि क्वार्टरला पाटी मिळत नसे. ही सल त्यांना होती, आणि माणूस म्हणून तेवढी समजून घेता येते. यंदा त्यांनी अर्ज भरला. तपासणी मे महिन्याच्या अखेरीस, दुपारी चार वाजता. आणि लॉनवर, रोज माती उचलूनही, एकोणीस उकीर.

“आता एकच,” मास्तर म्हणाले. “बाराच्या घंटेला.”

आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की वाकोंद सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या चर्चच्या घंटेला माती ढकलतो. तेव्हा कुदळ घेऊन दबा धरायचा. वाकोंद चर्चला जातो की नाही कोण जाणे, पण वेळापत्रक म्हटल्यावर मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी वहीत पेन्सिलीनं आठवडाभर नोंदी केल्या.

“आणि संरक्षण?” तेरकानं विचारलं.

“कायदा दुपारी जेवायला जातो,” मास्तर म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी बारा वाजता मास्तर सगळ्यात ताज्या उकिराशी मोज्यांवर उभे राहिले, म्हणजे पावलं ऐकू जाऊ नयेत. घंटा सुरू झाली. माती हलली. निदान मास्तरांचं म्हणणं, हलली. त्यांनी कुदळ डोक्यावर नेली आणि जी हाणली ती सरळ त्यांनीच पुरलेल्या पाण्याच्या नळीवर. कारंजं उडालं ते मास्तरांच्या हनुवटीपर्यंत. वाकोंदला खरचटलंसुद्धा नाही. तेरका स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि हसता हसता तिला आठवलं की मे सरत आला.

मेच्या मध्यावर तीन संतांचे थंडीचे दिवस येतात. ते जाईपर्यंत आमच्याकडे कुणी शहाणं माणूस मिरची बाहेर लावत नाही. संत जाऊन पंधरवडा झाला होता. रोपं वीतभर झाली होती, डब्यांच्या बुडाच्या भोकांतून मुळं लोंबत होती. अजून आठवडा गेला असता तर ती डब्यातच खुरटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बसनं शहरात गेले. उकीर सपाट करून त्यावर लावायला नव्या गुंडाळ्या आणायच्या होत्या. “तीन वाजता आलोच. कशाला हात लावू नकोस,” जाताना त्यांनी बजावलं.

तेरका मागच्या दारात उभी राहिली. समोर एकोणीस उकीर, दोन वाकड्या ओळींत. सगळ्या आवारात तिच्यासाठी खणलेली जागा एवढीच होती, तीही एका जनावरानं खणलेली. आज संध्याकाळपर्यंत तीही गवताखाली जाणार होती. तिला भीती वाटली. अबोल्याची नाही, तमाशाची; चव्वेचाळीस वर्षांत तिनं लोकांसमोर नवऱ्याला खाली पाहायला लावलं नव्हतं. मग तिला फडक्यातल्या तीन बिया आठवल्या. तिनं कमरेच्या एप्रनला हात पुसले आणि शेडमागे गेली.

फावडं लागलंच नाही. उकिरात मूठ दाबायची, खालचं बीळ मातीनं बंद करायचं, नाहीतर मुळं अधांतरी राहतात, आणि मग रोप बसवायचं. लहान उकिरात एक, मोठ्यात दोन.

“तेरका,” कुंपणावरून आवाज आला. “हे काय मांडलंयस?”

“दिसत नाही का?”

“दिसतंय, म्हणून तर विचारतोय. मास्तर येऊन काय म्हणतील?”

“अकरा दिवस काहीच म्हणणार नाहीत.”

अंब्रुश नळाकडे गेला. त्यानं कुंपणावरून पाण्यानं भरलेली झारी तिच्याकडे दिली. सव्विसावं रोप लागलं तेव्हा तिची कंबर धरली होती आणि नखं काळी झाली होती. ती उंबऱ्यावर बसली आणि कुणी काहीही म्हणो, असं तिनं ठरवलं.

मास्तर तीन वाजून वीस मिनिटांनी बसथांब्यावरून गुंडाळ्या लादलेली हातगाडी ढकलत आले. मागे पाहिलं आणि त्यांच्या हातून गाडी कलंडली.

“हे काय आहे?”

“मिरची.”

“उपट. आत्ताच्या आत्ता उपट! चार वाजता लोक येतील!”

“लोक आलेत,” तेरका म्हणाली.

फाटकात हेडविगताई उभ्या होत्या. निवृत्त पोस्टमास्तरीण, समितीच्या प्रमुख, काखेत फाईल. चाळीस वर्षं गावाची पत्रं वाटल्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं हे त्यांना झाकण न उघडता कळे.

“लवकर आले,” त्या म्हणाल्या. “पाहुणा वेळेवर आला तर खरं घर दिसत नाही.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर वेळ न पाळणाऱ्या गाडीबद्दलचा जुना संताप उमटला, पण त्यांनी तो गिळला. हेडविगताईंनी गुलाब पाहिले, ओसरी पाहिली, फाईलमध्ये खुणा केल्या. मग मागे आल्या.

“आणि परसबाग?”

मास्तरांनी हात पसरला. “हे सगळं! एवढं लॉन पंचक्रोशीत—”

“हे गवत झालं, मास्तर. यातलं तुम्ही खाता काय?” ताईंनी फाईलवर बोट ठेवलं. “परसबागेचा रकाना वेगळा आहे. तो कोरा राहिला तर बाकीचं मी वाचतसुद्धा नाही. गाव आहे हे, हॉटेल नाही.”

रकाना अर्जावर छापलेलाच होता. मास्तरांनी तो वाचला होता आणि तो आपल्यासाठी नाही असं धरून चालले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी एकदा लॉनकडे पाहिलं, एकदा त्या दोन वाकड्या ओळींकडे, आणि मग, तेरका तिथं उभी असताना, तिच्या नखांतली माती ओली असताना, छाती पुढे काढून म्हणाले:

“ही काय परसबाग! मीच आखली. जरा नवीन पद्धतीनं.”

कुंपणापलीकडे अंब्रुशला ठसका लागला.

ताई वाकल्या. माती बोटांत चुरून पाहिली. “माती छान केलीय. कशी केलीत?”

“रोज पहाटे उठून,” मास्तर म्हणाले. “मेहनत, दुसरं काय!”

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. इथं नागोबा बीळ स्वतः खणल्याचं सांगत होता. तेरकाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ताई पुढे म्हणाल्या, “मग ठीक. सप्टेंबरात पुन्हा येईन. पीक बघितल्याशिवाय परसबागेचा निकाल नसतो. यातलं काही उपटलंत, तर अर्ज बाद.” तेव्हा तेरकानं ओठ मिटले. नाव कुणाचंही होवो, सप्टेंबरपर्यंत या रोपांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. तिला एवढंच हवं होतं.

तो उन्हाळा अल्शोसेग विसरणार नाही. धूर बंद, काठ्या बंद, कुदळ बंद. मुळांना धक्का बसला तर पाटी गेली. वाकोंदनं आणखी उकीर काढले आणि मास्तर ते मुकाट्यानं पाहत राहिले. एकदा तर बोगदा खचून एक रोप आडवं झालं आणि मास्तरांना ते गुडघ्यांवर बसून सरळ करताना लोकांनी पाहिलं. संध्याकाळी गुत्त्यात मात्र ते वाइनमध्ये सोडा घालून आपल्या ‘विखुरलेल्या लागवडी’वर व्याख्यान देत. तेरका पहाटे पाणी घालायची, झाडानं जोम धरावा म्हणून पहिलं फूल खुडायची, काठ्या बांधायची. सात रोपं गेली. एकोणीस जगली. ऑगस्टअखेर मिरच्या लाल झाल्या, जाड सालीच्या, टोकाला जरा वाकड्या. पहिली मिरची तिनं उभ्यानं चिरली, आतलं बी वर्तमानपत्रावर काढलं, टपोरं आणि पिवळंधमक. तिथंच टेबलाशी बसून ती आईला हाक मारल्यासारखी काहीतरी पुटपुटली. तिला इतका आनंद झाला होता की रात्रीचं जेवण करायचं राहून गेलं.

हेडविगताई सप्टेंबरात आल्या त्या कोरी पाटी आणि रंगवायला द्यायचं नाव लिहून घ्यायला कागद घेऊनच. आवारभर फिरल्या, मिरचीचा वास घेतला आणि ओसरीवर बसल्या.

“लिहा,” मास्तर म्हणाले. “बाको व्हेंडेल, निवृत्त—”

“थांबा. आधी सांगा, बी पेरलं कधी?”

“वसंतात,” मास्तर म्हणाले.

“वसंत तीन महिन्यांचा असतो. कशात पेरलं?”

मास्तरांनी तेरकाकडे पाहिलं. तेरका मिरच्या दोऱ्यात ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

“बरं, जात कोणती ही?”

“लाल,” मास्तर म्हणाले.

कुंपणापलीकडे अंब्रुश खाली बसला. त्याच्या हसण्याचा आवाज नंतर बराच वेळ कांद्यातून येत होता.

ताईंनी कागद तेरकाकडे वळवला. “तू सांग गं. काय लिहू? बाको व्हेंडेलची?”

आमच्याकडे लग्न झालं की बाईचं कागदोपत्री नावच उरत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर, मतदानाच्या यादीत, दवाखान्यात, आणि शेवटी थडग्यावरसुद्धा, अमक्याची. तेरकानं दोरा दातानं तोडला.

“शिपोश तेरेझ लिहा,” ती म्हणाली.

“हे कोण?” मास्तरांनी विचारलं.

ते मुद्दाम विचारत नव्हते. ते खरोखर गोंधळले होते. चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं सूप प्यायले, तिचं माहेरचं पूर्ण नाव त्यांच्या कानाला ओळखीचं नव्हतं. ते ओसरीवर सगळ्यांच्या लक्षात आलं. अंब्रुशही हसायचा थांबला. तेरकाच्या मनात राग होता, चांगला चार वर्षांचा मुरलेला; पण त्या क्षणी तिला नवऱ्याची फक्त कीव आली, आणि कीव रागापेक्षा वाईट.

“मी,” ती म्हणाली.

ताईंनी लिहिलं. एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

आठवड्यानं पाटी रंगून आली. तेरकानं स्वतः खिळे ठोकले. मास्तर मागे उभे राहून पाटी सरळ आहे का हे सांगत होते, कारण काहीतरी सांगितल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. पाटी लागली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“पण तेरका,” ते म्हणाले, “येणारेजाणारे वाचतील. त्यांना वाटेल, हे घर दुसऱ्याच कुणाचं आहे. विचारतील, ‘मग मास्तर, तुम्ही इथं कोण?’ मी काय सांगू लोकांना?”

तेरकानं हातोडी एप्रनच्या खिशात टाकली.

“सांग,” ती म्हणाली, “गवत कापायला येतो.”